उरलेलं नेमकं कुणाच्या ताटात जातं?

पत्र:

ताई, नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीला राहते. घरात आम्ही सहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. हे एमआयडीसीत कामाला आहेत, मी घरीच शिलाई करते. किराणा, गॅस, दूध, माळवं धरून महिन्याचं गणित बसत नाही, आणि तरी घरात रोज काही ना काही उरतंच. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, दुष्काळी माण तालुक्यातल्या. त्या रोज दोन-तीन भाकऱ्या जास्तीच्या थापतात, 'कुणी आलं-गेलं तर' म्हणून. कुणी येत नाही. भात कुकरमध्येच रात्रभर राहतो. मुलं शिळ्याला तोंड लावत नाहीत, ह्यांना डब्यात ताजंच लागतं, मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दात नाहीत. सकाळी माझी न्याहारी ठरलेलीच, काल जे उरलं ते. परवा ह्या उकाड्यात मटकीची उसळ रात्रभर ओट्यावर राहिली. सकाळी आंबूस वास येत होता, मी टाकून दिली. आत्यांनी बघितलं. 'खाऊन माजावं, टाकून माजू नये' एवढंच म्हणाल्या, तेव्हापासून धड बोलणं नाही. हे म्हणतात, तुम्ही बायका बघून घ्या. शेजारच्या वहिनी म्हणतात शिळं म्हणजे विष, शिवायचंच नाही. उरलेल्याचं काय काय करता येईल ते सांगा, म्हणजे सगळे खातील. आणि उसळ टाकली ते चुकलं का, तेही सांगा.
— एक वाचक, सातारा

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यापायी घरात अबोला आहे. उसळ टाकलीत ते बरोबर केलंत. शिजवलेलं ओलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर राहू देऊ नये, आणि हवेत ३२ अंशांच्या वर उष्मा असेल तर तासाभरातच त्याची सोय लावावी, हा अन्न सांभाळण्याचा साधा नियम आहे. तुमची उसळ अख्खी रात्र ओट्यावर होती. वास आला नसता तरी ती टाकायचीच होती, कारण पोट बिघडवणारे सगळेच जंतू वास सोडून वर्दी देत नाहीत. आत्या म्हणतील, "एक सणसणीत उकळी काढली असती की झालं असतं." उकळीनं जंतू मरतात हे खरं, पण त्यातल्या काहींनी रात्रभरात जे विष सोडलेलं असतं, ते उकळीला दाद देत नाही. म्हणून जिभेवर थेंब ठेवून 'बरी लागतेय की' म्हणणं ही काही परीक्षा नव्हे.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली ती सांगते. 'सकाळी माझी न्याहारी ठरलेलीच, काल जे उरलं ते.' तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलेलीच नाही, जाता जाता लिहून गेलात. आपल्याकडं काटकसरी बाईचं कौतुक फार. तिनं वाचवलेलं अन्न शेवटी गेलं कुठं, हे मात्र कुणी विचारत नाही. आपल्या भागात कितीतरी घरांत सकाळी पाच जणांसाठी पोहे होतात आणि सहावी ओट्याशी उभ्यानं शिळा भात संपवत असते. ह्याला घराची काटकसर कशी म्हणायची? उरवायचं सगळ्यांनी आणि निस्तरायचं एकीनं, असा तो व्यवहार आहे. मी तुम्हाला उरलेल्याचे वीस प्रकार सांगितले आणि ती कढई उद्याही तुमच्या एकटीच्याच पुढ्यात आली, तर तुमचं काम तेवढं वाढलं, बाकी काही बदललं नाही.

तेव्हा आठवड्यातल्या दोन सकाळी उरलेल्याच्या ठरवून टाका. वार तुमच्या सोयीचे. त्या सकाळी दुसरा नाष्टा करायचा नाही. जे काही केलं असेल ते सहा ताटल्यांत सारखं, आणि सहावी ताटली घेऊन तुम्ही त्यांच्याबरोबर बसायचं. मुलं नाक मुरडतील. मुरडू देत. शाळेला जाताना हातात एक केळं द्या, पण वेगळे पोहे टाकू नका. एकदा टाकलेत की ती पद्धत कायमची. ह्यांना आधीच सांगून ठेवा. सकाळी सगळ्यांसमोर "मला नको, मी बाहेर काहीतरी खातो" असं घरातला मोठा माणूस म्हणाला की लेकरं काय शिकतात ते वेगळं सांगायला नको.

आत्यांकडं येऊ. त्या माणच्या, म्हणजे दुष्काळ त्यांना पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. नातवंडांच्या इयत्तांवरून अंदाज धरला तर १९७२ च्या दुष्काळात त्या परकर-पोलक्यातल्या असतील. तेव्हा कर्ती माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती, अमेरिकेतून आलेल्या मिलोच्या, म्हणजे तांबड्या ज्वारीच्या, भाकऱ्या घराघरांत भाजल्या जात होत्या, सुकडी वाटली जात होती. त्या दिवसांत वाढलेल्या बाईच्या देखत तुम्ही भरलं भांडं खरकट्यात रिकामं केलंत. तुमचं काही चुकलं नाही, तरी त्यांच्या पोटात कालवलंच असणार. एखाद्या दुपारी मशीन बंद ठेवून त्यांच्याजवळ बसा आणि मिलोची भाकरी कशी लागायची ते विचारा. उसळीचा विषय काढूच नका. तो आपोआप निघेल.

निघाला की त्यांना एक गोष्ट सांगा, त्यांना ती पटेल, कारण तिच्यात त्या खोट्या पडत नाहीत. त्यांच्या लहानपणी घरात शिल्लक काय राहायचं? भाकरी, चटणी, खरडा, सांडगे, वाळवून ठेवलेलं माळवं. सगळं कोरडं. ज्यात पाणी कमी त्यात जंतू चटकन वाढत नाहीत, म्हणून भाकरी दुसऱ्या दिवशी आणि चटणी आठवडाभर बिनघोर खाता यायची. ओलं कालवण सकाळपर्यंत उरावं इतकं व्हायचंच कुठं? आता आपल्या ओट्यावर रात्री वरण, भात, रस्सा, उसळ, चारही ओली भांडी असतात, आणि त्यांना आपण नियम मात्र भाकरी-चटणीचा लावतो. शेजारच्या वहिनींनाही हेच लागू, फक्त उलट्या बाजूनं. शिळं सगळंच विष असतं तर शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं खाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली नसती. काय शिळं, कशात ठेवलेलं आणि किती वेळ, एवढं बघायचं.

रोजच्या जादा भाकऱ्यांसाठी 'करू नका' हा शब्द वापरू नका, तो लागेल. संध्याकाळी पीठ काढायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, किती खाणार? हे काम तिसरीतल्या नातवाकडं द्या, तो आज्जीला आकडा सांगेल. जास्तीच्या भाकऱ्यांचं पीठ डब्यातच राहू द्यायचं. कुणी आलंच तर तवा तापायला वेळ तो किती? पाहुणा हातपाय धुऊन टेकतोय तोवर गरम भाकरी ताटात पडते, आणि दुरडीतली गार भाकरी वाढण्यापेक्षा ते आत्यांनाही शोभून दिसेल. दळण मात्र बेतानं आणा. ज्वारीचं पीठ पंधरा दिवस निभतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचं पीठ आठवड्यातच कडवट व्हायला लागतं. कडवट पिठाची भाकरी कुणी खात नाही, मग ती उरते, आणि पुन्हा तुमची न्याहारी.

इतकं करूनही भाकरी उरेलच. ती फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडाव्यात पिठातला स्टार्च आणखी लवकर आवळतो आणि भाकरी कडक होते. फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवा. पावसाळ्यात सकाळी तिच्यावर पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा मोडून बाकीची खायची नाही, सगळी टाकायची. बुरशी डोळ्यांना दिसते त्याहून खोल गेलेली असते.

आता तुकडे. फोडणीचे तुकडे मुलं खात नाहीत, ही तक्रार मला नेहमी येते, आणि नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं: कोरडे झालेले असतात. चार ज्वारीच्या भाकऱ्या हातानं मोडा, शेंगदाण्याएवढे तुकडे होईपर्यंत. मिक्सरला लावू नका, भुगा होतो आणि तो फोडणीत पडला की पिठल्याचा भाऊबंद निघतो. मोडलेल्या भाकरीवर पाऊण वाटी आंबट ताक आणि थोडं मीठ घालून हलक्या हातानं कालवा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. घाई होते ती इथंच. भाकरी आतपर्यंत ओलावली नाही तर वरून कितीही तेल ओता, घास घशात अडकणार. पंधरा मिनिटांनी एक तुकडा बोटांत दाबून बघा. दबला, पण चिकटला नाही, म्हणजे झालं.

लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल. आधी मूठभर शेंगदाणे त्यात लालसर करून बाजूला काढा, नाहीतर ते नंतर मऊ पडतात. मग मोहरी, जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, कढीपत्ता, हिरवी मिरची, आणि दोन मोठे कांदे. कांदा पारदर्शक झाला की पुढं जा, लाल करू नका. त्याचं पाणी आपल्याला तुकड्यांत हवंय. हळद, तुकडे, शेंगदाणे, झाकण, मंद आच, पाच मिनिटं. मग झाकण काढून आच मोठी करा आणि दोन मिनिटं ढवळू नका. तळाशी खरपूस थर धरतो, उलथन्यानं तो सोडवून मुलांच्या ताटलीत आधी घाला. मामांची वाटी निराळी काढून तिच्यात वरून गार ताक घाला, मऊ होईल, दातांची गरजच नाही. भाकरी फार कडक झाली असेल तर तीही चालते, उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरा आणि आमटीत चुरून खा. सोलापूरकडं कडक भाकरी मुद्दाम करून विकतात, तेव्हा त्यात कमीपणा कसला?

चपातीचा कुस्करा असाच, फक्त ताकाऐवजी पाण्याचा हबका. त्यातल्या दोन चपात्या बारीक कुस्करून गूळ-तूप लावून लाडू वळलेत तर मुलगा शाळेतून आल्यावर बिस्किटाचा पुडा मागणार नाही. महिन्याच्या गणितात ते पुडे किती बसतात ते एकदा बेरीज करून बघा. माझा अंदाज आहे, टाकलेल्या भाजीपेक्षा ते जास्त निघतील.

भाताच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि नेहमीच्या शिजवण्यातून ते तगून राहतात. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात, आणि उलट्या करवणारं त्यांचं विष भात पुन्हा गरम केल्यानं जात नाही. झाकण लावलेल्या कुकरात भात कित्येक तास कोमट राहतो, म्हणजे तुमच्याकडं रोज रात्री नेमकं तेच होतंय. तुमच्या सकाळच्या न्याहारीत सर्वांत धोक्याचं काही असेल तर ते हे. जेवणं झाली की उरलेला भात परातीत मोकळा पसरायचा, वाफ गेली की पसरट डब्यात भरून तासाभरात फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफा निघेपर्यंत गरम करायचा आणि संपवायचा. पुन्हा ठेवायचा नाही. फोडणीचा भात मुलांच्या किंवा ह्यांच्या डब्यातही देऊ नका, कारण दुपारच्या सुट्टीपर्यंत तो परत कोमटच असतो. डब्यासाठी थालीपीठ करा. वाटीभर भाताला वाटीभर ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, बारीक कांदा, ओवा, तिखट, मीठ. भात आधी हातानं चांगला मळून घ्या, शितं दिसता कामा नयेत. तव्यावर दोन्ही बाजूंनी खमंग भाजलंत की ह्यांना ते 'ताजंच' वाटेल, आणि ते ताजंच असतं.

आणि मुळात तांदूळ किती घेताय? भाकरीच्या जोडीला भात खाणाऱ्या सहा जणांना, त्यात दोन मुलं, दीड ते दोन वाट्या तांदूळ पुरेत. शिजून तो वजनानं अडीच-तीन पट होतो, आणि आपला हात मात्र डब्यात गेला की मूठभर जास्तच काढतो. डब्यात एक ठरलेली वाटी कायमची टाकून ठेवा.

वरण, आमटी, उसळ ह्यांचं उरणं अपघातानं होऊ देऊ नका, ठरवून उरवा. मटकी दुप्पट शिजवायची, आणि जेवायला बसायच्या आधीच अर्धी काढून, निववून फ्रिजमध्ये टाकायची. पंगतीतून फिरलेल्या, पाच जणांचे चमचे बुडालेल्या भांड्यातलं उरलेलं आणि हे उरलेलं, दोन्ही सारखं टिकत नाही. दुसऱ्या दिवशी त्या उसळीत कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा कट वाढवला की मिसळ. 'काल उरलेली उसळ' कुणी खाणार नाही, मिसळीला मात्र दोनदा हाका मारायला लागत नाहीत. वर फरसाण नसेल तर आमच्या सांगलीचं भडंग घाला. सातारकरांना हे पटायचं नाही, तरी करून बघा. वरण उरलं तर ते पातळ करून, चिंच-गूळ-गोडा मसाला घालून उकळा आणि उरलेल्या कणकेची पोळी लाटून तिच्या चकोल्या कापून त्यात सोडा. एका पातेल्यात दोन उरलेल्या गोष्टी संपतात आणि वर तूप पडलं की जेवणच होतं. दाट घुटं उरलं तर ते सरळ थालीपिठाच्या पिठात.

रविवारच्या मटणाचं गणित आपल्याकडं निराळं. रात्री रस्सा उरतो, सोमवार घरात कुणीतरी पाळतं, मग तो मंगळवारपर्यंत पडून राहतो. रविवारी दुपारीच करा आणि रात्रीच्या जेवणात संपवा. मधल्या वेळात तोही फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. वळवाच्या पावसात लाइट गेली तर फ्रिज उघडून बघत बसू नका, बंद दारात तो साधारण चार तास गार राहतो.

साली-देठांबद्दल आत्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, त्यांनाच विचारा, त्यांना विचारलेलं आवडेल. दोडक्याच्या शिरा तेलात कुरकुरीत करून तीळ, खोबरं, लसूण घालून चटणी; मुळ्याच्या आणि फ्लॉवरच्या पाल्याची पीठ पेरून भाजी; कोथिंबिरीच्या काड्या वाटणात; कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात. पुरण घातलं की येळवणीची आमटी होतेच. तूप कढवल्यावर राहिलेली बेरी कणकेत मळून टाका. साली वापरायच्या असतील तर भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, फवारणी सालीवरच बसलेली असते. आणि बटाटा हिरवा पडला असेल तर तिथं काटकसर नको.

महिनाअखेरीला माळवं महाग वाटतं तेव्हा साताऱ्याच्या माणसाला वाट दाखवायची गरज नाही, म्हाद्या आहे. शेंगदाणे भाजून जाडसर कूट, लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी, पाणी, दोन उकळ्या, आणि सोबत गरम भाकरी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे हे काही गरिबाचं नाइलाजाचं खाणं नव्हे. फक्त सुरकुतलेले, काळपट, कडवट दाणे आधी वेचून फेका. भुईमुगावर चढणाऱ्या एका बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजूनही पुरतं जात नाही. तसंच हुलग्याचं माडगं आणि शेंगोळ्या. माणच्या बाईच्या हातचं माडगं तुमच्या मुलांनी अजून प्यायलं नसेल, तर ती मोठीच उधळपट्टी चाललीय घरात.

आता ह्यांचं. 'तुम्ही बायका बघून घ्या' हे उत्तर चालणार नाही. माळवं कोण आणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कामावरून येताना तेच आणत असतील तर निम्मं दुखणं तिथं आहे. बाजार उठताना वाटे स्वस्तात मिळतात म्हणून मेथीच्या तीन जुड्या आणि वांग्यांचा ढीग घरी येतो, आणि गुरुवारी तो मऊ पडतो. वीस रुपये वाचले म्हणून आणलेली आणि टाकलेली मेथी स्वस्त कशी? त्यांना एकच काम द्या: बाजारात शिरायच्या आधी फ्रिजचा फोटो मागवायचा. तुमची मुलगी मोबाइलवर धाडेल. जे आहे ते परत आणायचं नाही. आणि उरलेल्याच्या दोन सकाळींपैकी एका सकाळी आदल्या रात्री फ्रिज उघडून 'उद्या ह्याचं काय करायचं' हे त्यांनी ठरवायचं. करायला जमलं नाही तरी चालेल. ठरवणं हेच निम्मं काम असतं, आणि ते आजवर तुमच्या एकटीच्या डोक्यात होतं.

फ्रिजमध्ये वरचा पुढचा कप्पा उरलेल्याचा. डब्यावर कागदाची पट्टी आणि वार लिहिलेला. सोमवारचं बुधवारी संपलं पाहिजे, गुरुवारी तो डबा चाखून न बघता रिकामा करायचा, आणि ते आत्यांच्या संमतीनं. हा नियम त्यांच्याच तोंडून मुलांना सांगायला लावा. गाईला घालू, हा मार्गही फार वापरू नका. आंबलेला भात आणि भाकऱ्यांचा ढीग एकदम पोटात गेला की जनावराच्या पोटातलं आम्ल वाढतं आणि ते आजारी पडतं, त्यात पुण्य कसलं?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज दिलाय. साली-हाडं धरूनचा तो आकडा आहे. दिवसाला माणशी दीडशे ग्रॅम, म्हणजे सहा जणांच्या घराला जवळजवळ नऊशे ग्रॅम. तुमच्या घरात इतकं टाकलं जात नसेल, कारण तुम्ही ते खाताय. म्हणून महिनाभर फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा. टाकलेलं तर लिहाच, पण शेजारी आणखी एक रकाना करा: जे वाया जाऊ नये म्हणून कुणा एकानंच संपवलं ते. त्या माणसाचं नावही लिहा. काही सांगायची गरज पडणार नाही, आठ दिवसांत ह्यांना तो रकाना वाचता येईल.

तुमच्या जळजळीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण रोज सकाळी शिळा भात आणि वर कोरा चहा असा क्रम असेल तर ती असणार, असं गृहीत धरते. महिनाभरात तीही कमी झाली की मला कळवा, आणि आत्यांच्या माडग्याची कृती जमल्यास धाडा.

ता.क. दुधीच्या सालीची चटणी करणार असाल तर दुधी चिरतानाच कच्चा कपचा जिभेला लावून बघा. कडू लागला तर नुसती साल टाकून भागत नाही, अख्खा दुधी टाकायचा. त्यातली कडू द्रव्यं शिजवूनही जात नाहीत आणि माणसाला थेट दवाखान्यात पोचवतात. दोडक्याची आणि काकडीचीही हीच परीक्षा.